आधी पाणी, मग रस्ता

आरव्ही घेऊन डोंगरातल्या तळ्यांवर आणि नद्यांवर मासे धरायला जायचं ठरलं, की बहुतेकजण आधी रजा टाकतात, मग गाडी बुक करतात, मग रस्ता आखतात आणि सगळ्यात शेवटी विचारतात, की मासे कुठे मिळतील? या पुस्तकात हा क्रम उलटा केला आहे. आधी पाणी बघायचं, मग रस्ता, मग गाडी आणि रजा त्यानंतर. डोंगरातलं पाणी वर्षातले मोजकेच महिने माणसाला जवळ येऊ देतं. त्या महिन्यांतही प्रत्येक नदीची आणि प्रत्येक तळ्याची पाळी वेगळी असते. ती पाळी ओळखली तर नवशिक्यालाही मासा भेटतो. ती न ओळखता गेलं, तर महागातली गाडी आणि उत्तम रॉड असूनही माणूस गढूळ पाण्याकडे बघत बसतो.

पुस्तकासाठी एकच प्रदेश निवडला आहे: रॉकी पर्वतरांगेतला, आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग या तीन राज्यांच्या सीमा जिथे जुळतात तो. आयडाहोतल्या आयलंड पार्कजवळच्या हेन्रीज फोर्क नदीपासून वाट सुरू होते. हेन्रीज लेकवरून ती खिंड ओलांडून मोंटानात, हेब्गेन आणि क्वेक या तळ्यांकडे आणि मॅडिसन नदीच्या खोऱ्यात उतरते. वेस्ट यलोस्टोन गावातून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिरते, यलोस्टोन लेक आणि लुइस लेक बघत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते आणि ग्रँड टीटन उद्यानातल्या जॅक्सन लेकपाशी, स्नेक नदीच्या काठी संपते. नकाशावर हा टापू लहान दिसतो. पण इतक्या वेगवेगळ्या स्वभावांची पाणी इतक्या जवळ असलेला दुसरा प्रदेश शोधायला वेळ लागेल. इथली नियोजनाची रीत एकदा अंगवळणी पडली, की कोलोराडो असो वा कॅनडा, कुठल्याही डोंगरी प्रवासाला ती लागू पडते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या उन्हाळ्यात आरव्हीला आता हक्काची जागा मिळाली आहे. भारतातून आई-वडील आलेले असतात, मुलांना सुट्टी असते. आजी-आजोबांना चालत्या घरात स्वयंपाकघर, झोपायला जागा आणि शौचालय मिळतं, त्यामुळे त्यांचीही सोय होते. मासेमारीचं नाव निघालं की त्या आजोबांच्या बोलण्यात गावची नदी आणि बांबूची काठी येते, आणि नातवंडं ऐकत राहतात. तीन पिढ्या एका काठावर बसू शकतील असे उद्योग फार थोडे असतात, आणि हा त्यातला एक आहे. म्हणूनच तो नीट, जाणतेपणाने व्हावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

पाण्याचं वेळापत्रक

या प्रदेशात वर्षाचा कारभार बर्फ चालवतो. हिवाळाभर शिखरांवर साठलेला बर्फ मे महिन्यात वितळू लागतो आणि जूनमध्ये नद्या दुथडी भरून, गढूळ होऊन धावतात. तेव्हा पाण्यात उतरणं धोक्याचं असतं आणि माशाला गळावरची कृत्रिम माशी दिसतही नाही. जूनच्या शेवटी पूर ओसरू लागतो आणि एकेक नदी निवळते. पण सगळ्या एकदम निवळत नाहीत. धरणाखालची किंवा झऱ्यांवर चालणारी नदी लवकर निवळते, तर उंच डोंगरातून थेट येणाऱ्या नदीला वेळ लागतो. यलोस्टोनच्या ईशान्येकडची लमार नदी आणि तिला मिळणारा स्लू क्रीक यांचं पाणी खऱ्या अर्थाने स्वच्छ होतं ते जुलै बराचसा उलटल्यावर.

तळ्यांचंही तसंच. यलोस्टोन लेक समुद्रसपाटीपासून २,३५७ मीटर उंचीवर आहे. डिसेंबरात ते गोठतं आणि त्यावरचा बर्फ फुटायला मे महिन्याचा शेवट, कधी जूनचा पहिला आठवडाही उजाडतो. बर्फ फुटल्यानंतरचे काही आठवडे मासे काठालगत असतात, आणि ज्यांच्याकडे बोट नाही त्यांच्यासाठी हाच काळ सर्वांत चांगला. पुढे काठचं पाणी तापतं तसे थंडी शोधणारे मासे खोल जातात.

याच्या नेमकी उलट गत फायरहोल नदीची. तिच्यात गरम झऱ्यांचं आणि गीझरांचं पाणी उतरतं. आजूबाजूच्या नद्या गढूळ असतात तेव्हा, जूनच्या सुरुवातीला, फायरहोल हाताशी असते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ती इतकी तापते, की तिथल्या माशांना त्रास देऊ नये. सप्टेंबरात गारवा आला की तिची पाळी पुन्हा येते. फायरहोल आणि गिबन या दोन नद्या मिळून मॅडिसन बनते. शरद ऋतूत हेब्गेन लेकमधले मोठे ब्राउन ट्राउट प्रवाहाविरुद्ध चढून उद्यानातल्या या मॅडिसनमध्ये अंडी घालायला येतात. मॅडिसनच्या खालच्या खोऱ्यात, म्हणजे उद्यानाबाहेर, जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला सॅमनफ्लाय नावाचे बोटाएवढे किडे पाण्यातून वर येतात आणि मोठमोठे मासे पृष्ठभागावर तोंड काढतात. आयडाहोतल्या हॅरिमन स्टेट पार्कमधल्या हेन्रीज फोर्कवर १५ जूनपूर्वी गळ टाकताच येत नाही.

म्हणजे ‘यलोस्टोनला मासेमारीसाठी कधी जावं?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. जूनमध्ये जाणाऱ्याने तळ्यांचे काठ आणि फायरहोल धरावी, जुलैअखेरीस जाणाऱ्याने ईशान्येच्या नद्या, आणि सप्टेंबरात जाणाऱ्याने पुन्हा मॅडिसन. रजेची तारीख आधीच ठरलेली असेल, तर त्या तारखेला कोणतं पाणी चांगलं असेल ते शोधा. आवडत्या नदीवर त्या तारखेची जबरदस्ती करू नका.

उष्णतेकडेही लक्ष हवं. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. पाणी २० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि गळाशी झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी वाचेलच असं नाही. म्हणून मोंटानात नदी तापली की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात. तिथे या बंदीला ‘हूट आउल’ म्हणतात. ऑगस्टात जाणाऱ्यांनी दिवसाची आखणीच तशी करावी. पहाटे नदी, दुपारी जेवण, झोप किंवा गीझर बघणं. साध्या थर्मामीटरला दोरी बांधून तो पाण्यात सोडायचा. रॉडपेक्षा आधी तो बाहेर यावा.

हा मासा इथे आला कसा

नियम पाळायचे तर त्यांच्यामागचं कारण ठाऊक असावं, आणि कारण कळायला इथल्या माशाची गोष्ट माहीत हवी. या मुलखाचा मूळ रहिवासी म्हणजे कटथ्रोट ट्राउट. जबड्याखाली दोन्ही बाजूंना केशरी-लाल रंगाचा ठसठशीत पट्टा असतो. तो दिसला की ओळख पटते. यलोस्टोन लेकमधून निघणारी नदी पुढे ज्या धबधब्यावरून कोसळते, त्याची उंची ९४ मीटर आहे. तो चढून कुठलाही मासा वर जाणं शक्य नाही. मग तळ्यात कटथ्रोट आला कुठून? उद्यानाच्या दक्षिणेला टू ओशन पास नावाची खिंड आहे. तिथे एक ओढा दुभंगतो. एक फाटा पॅसिफिक महासागराकडे जाणाऱ्या स्नेक नदीला मिळतो आणि दुसरा यलोस्टोन नदीला, म्हणजे मिसुरी-मिसिसिपीमार्गे अटलांटिकच्या बाजूला. खंडाचा कणा असलेली ही जलविभाजक रेषा कटथ्रोटने त्या ओढ्यातून पोहत ओलांडली. आपणही या प्रवासात ती रेषा गाडीने ओलांडतो. हेन्रीज लेकचं पाणी पॅसिफिकला जातं आणि खिंडीपलीकडच्या हेब्गेनचं मेक्सिकोच्या आखातात. यलोस्टोन लेकचं एका बाजूला आणि थोडंसंच दक्षिणेला असलेल्या लुइस लेकचं दुसऱ्या. मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगला फळा मिळणार नाही.

१८७२ साली यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा इथल्या सुमारे ४० टक्के पाण्यात मासेच नव्हते. लुइस आणि शोशोनी ही तळी धबधब्यांच्या आड असल्यामुळे रिकामी होती. १८९० मध्ये त्यांत बाहेरून आणलेले लेक ट्राउट आणि ब्राउन ट्राउट सोडले गेले. त्या काळी तलाव माशांनी भरणं हे पुण्यकर्म समजलं जाई. शंभर वर्षांनी त्याची किंमत कळली. १९९४ मध्ये यलोस्टोन लेकमध्ये लेक ट्राउट सापडला. कुणीतरी बेकायदा आणून सोडलेला हा परका मासा खोल पाण्यात राहतो, मोठा होतो आणि कटथ्रोट खातो. एक मोठा लेक ट्राउट वर्षाला साधारण ४० कटथ्रोट फस्त करतो. क्लिअर क्रीक नावाच्या एकाच ओढ्यात १९८० च्या दशकात अंडी घालायला दरवर्षी ५० हजारांच्या आसपास कटथ्रोट चढत. २००७ मध्ये ती संख्या सहाशेच्याही खाली आली.

नुकसान एवढ्यावर थांबलं नाही. वसंतात कटथ्रोट उथळ ओढ्यांत चढतो, तेव्हा अस्वलं, पाणमांजरं, गरुड आणि मासेमार घारी यांचं पोट त्यावर चालतं. लेक ट्राउट तळ्यातच अंडी घालतो, वर चढत नाही, त्यामुळे तो या कुणाच्याच तोंडी लागत नाही. कोकणात पहिल्या पावसात नदीतून ओहोळांत आणि शेतांत चढणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा ओढ्यांचा मामला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अंडी घालायला निघालेला मासा सरसकट मारला तर पुढच्या वर्षी नदीत काय उरणार, ही चिंता तिथली आणि इथली एकच आहे.

यलोस्टोनमधला नियम या इतिहासातून आलेला आहे. कटथ्रोट, ग्रेलिंग आणि माउंटन व्हाइटफिश हे मूळचे मासे गळाला लागले तर जिवंत सोडायचे. यलोस्टोन लेकमध्ये लेक ट्राउट लागला तर तो परत सोडायचा नाही, मारायचाच. उद्यानाने जाळी लावून आजवर चाळीस लाखांहून अधिक लेक ट्राउट बाहेर काढले आहेत आणि कटथ्रोट आता सावरतो आहे. म्हणून या तळ्यावर बसलेला प्रत्येक गळवाला त्या कामातला एक हात असतो. मासे खाणाऱ्यांसाठी यात आनंदाची बाब अशी, की लेक ट्राउटला हळद-तिखट-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकता येतं, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीही नाही.

सोडायचा मासा

आपल्याकडच्या अनेकांना मासा धरून परत सोडणं पटत नाही. खायचा नसेल तर त्याला त्रास का द्यायचा, असं ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तितकंच प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. सोडलेला मासा जगला तरच सोडण्याला अर्थ आहे, आणि तो जगणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. मोंटानाने १९७४ पासून नद्यांमध्ये हॅचरीचे मासे सोडणं थांबवलं. मॅडिसन नदीवरच्या अभ्यासातून दिसलं होतं, की बाहेरून मासे सोडणं बंद केलं तर नदीतले जंगली मासे वाढतात. याचा अर्थ असा, की तिथे आज सोडलेला मासा हेच उद्याचं बियाणं आहे.

रीत अशी. गळाच्या टोकाशी उलटा काटा नसावा. यलोस्टोनमध्ये तो नसलाच पाहिजे असा नियम आहे, आणि असेल तर तो पकडीने दाबून सपाट करायचा. मासा लागला की दोरीशी फार वेळ खेळवायचा नाही. तो जवळ आला की आधी आपला हात पाण्यात बुडवायचा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. रबरी जाळीत त्याला पाण्यातच ठेवायचं. निमुळत्या पकडीने गळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मागे घ्यायचा. फोटो हवाच असेल तर कॅमेरेवाल्याची तयारी झाल्यावर क्षणभर वर उचलायचं. मग प्रवाहाकडे तोंड करून पोटाखाली सैल हात धरायचा. कल्ले उघडझाप करू लागतात, शेपूट हलते आणि मासा आपणहून निघतो. त्याला ढकलायचं नाही. लहान मुलं हे फार लवकर शिकतात, आणि एकदा शिकली की मोठ्यांवर लक्ष ठेवतात.

सीमा बदलली, नियम बदलले

या एका प्रवासात आपण चार-पाच कायद्यांखालून जातो. यलोस्टोनच्या आत कुठल्याही राज्याचं लायसन्स चालत नाही. तिथे उद्यानाचं वेगळं परमिट लागतं. लगतच्या ग्रँड टीटनमध्ये मात्र वायोमिंगचं लायसन्स लागतं. मोंटानात लायसन्सच्या जोडीला आणखी दोन छोटे परवाने घ्यावे लागतात. यलोस्टोनमध्ये १६ वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला परमिट हवं. भारतातून आलेल्या आजोबांनाही, गळ हातात घ्यायचा तर, ते लागतंच. लहान मुलांच्या वयाची अट प्रत्येक राज्यात निराळी आहे.

उद्यानात जिवंत किंवा नैसर्गिक आमिष चालत नाही. गांडूळ नको, कोळंबी नको, कणीक नको. कृत्रिम माश्या (फ्लाय) आणि ल्यूरच वापरायचे, तेही शिशाशिवाय. फायरहोल आणि मॅडिसनवर तर फक्त फ्लाय. फेल्टच्या तळव्याच्या बुटांना २०१८ पासून बंदी आहे. त्या ओल्या तळव्यात एका नदीतले सूक्ष्म जीव अडकतात आणि दुसऱ्या नदीत जातात. ही भीती पोकळ नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मोंटानात यलोस्टोन नदीत एका परजीवीमुळे हजारो व्हाइटफिश मेले आणि नदीचा १८३ मैलांचा पट्टा सर्वांसाठी बंद करावा लागला. एका पाण्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट, वेडर्स, जाळी आणि बोट स्वच्छ धुऊन, पाणी काढून, वाळवून घ्यायची. आरव्हीत हे वाळवण घालायला जागा लागते. ती सामान भरतानाच ठरवून ठेवा. बोट बरोबर असेल तर वाटेतल्या तपासणी नाक्यांवर थांबावंच लागतं.

नदीवर पाय ठेवण्याचा हक्कही राज्यागणिक बदलतो. मोंटानात १९८५ च्या कायद्यानुसार सार्वजनिक पुलावरून किंवा जागेवरून नदीत उतरलात, तर पाणी नेहमी जितकं वर चढतं त्या रेषेपर्यंतच्या पात्रात, शेजारची जमीन कुणाचीही असली तरी, चालता येतं. वायोमिंगमध्ये मात्र खासगी जमिनीतून जाणाऱ्या नदीचा तळही खासगी असतो. बोटीतून तरंगत जाता येतं, पण पाय टेकता येत नाही आणि नांगरही टाकता येत नाही. गाडी सीमा ओलांडते तेव्हा पाटीशिवाय काही बदललेलं दिसत नाही. म्हणूनच पुस्तकात प्रत्येक पाण्यासाठी उतरायच्या सार्वजनिक जागा वेगळ्या दिल्या आहेत.

चाकांवरचं घर

पाणी ठरलं की रस्ता ठरतो आणि रस्ता ठरला की गाडी. डोंगरात लांबलचक आरव्ही हे वैभव नसून अडचण असते. साधारण २५ ते ३० फुटांची गाडी बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये बसते. त्याहून लांब गाडीला जागा कमी, आणि नदीकाठच्या थांब्यांवर तर नाहीच. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, तो अंदाज यायला पहिले काही तास मोकळ्या जागेत चालवून पाहा. उतारावर ब्रेक दाबून ठेवू नका. खालच्या गिअरमध्ये उतरा. उंचीवर इंजिनाची ताकद कमी होते, तेव्हा चढावर मागच्यांना वाट द्या. शेवटी जॅक्सनहून आयडाहो फॉल्सला परतायचं असेल, तर टीटन पासचा १० टक्के उताराचा घाट आरव्हीने टाळावा आणि अल्पाइनमार्गे स्नेक नदीच्या काठाने यावं. अंतर वाढतं, पण जीव थाऱ्यावर राहतो.

यलोस्टोनमध्ये वेगमर्यादा ताशी ४५ मैल आहे. त्यात रस्त्यावर बायसनचा कळप उतरला की घड्याळाला अर्थ राहत नाही. ४० मैलांना दीड-दोन तास धरा. दिवसाला एकच पाणी ठेवा. उद्यानात रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये रात्र काढता येत नाही. कॅम्पग्राउंडचं आरक्षण हवंच. काहींचं आरक्षण वर्षभर आधी खुलं होतं, काहींचं सहा महिने आधी. पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेलं उद्यानातलं एकमेव ठिकाण म्हणजे फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने कापडी भिंतींच्या गाड्या आणि तंबू चालत नाहीत. नाव फिशिंग ब्रिज असलं तरी त्या पुलावरून मासेमारी १९७३ पासून बंद आहे. पुलाखालून जाणारे कटथ्रोट मात्र डोळे भरून बघता येतात.

बाकीच्या मुक्कामांना जोडण्या नसतात. म्हणजे टाकीतलं पाणी पुरवून वापरायचं, जनरेटर ठरलेल्या वेळीच लावायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी डम्प स्टेशन गाठायचं. तिथला क्रम पक्का लक्षात ठेवा. हातमोजे घाला, पाइप दोन्हीकडे घट्ट बसवा, आधी शौचालयाची काळी टाकी रिकामी करा आणि नंतर स्वयंपाकघर-मोरीची करडी टाकी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. टाक्यांमधला मैला कधीही, कुठल्याही कारणाने, जमिनीवर सोडायचा नाही. ज्या पाण्यासाठी आपण इतक्या लांब आलो, ते तिथून पाझरत खालीच जाणार आहे.

स्वयंपाकाबद्दल दोन शब्द. यलोस्टोन लेकच्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर न्या. जेवणानंतर भांडी, उरलेलं अन्न, आइसबॉक्स, एवढंच काय, तेलाची बाटलीही बाहेर राहता कामा नये. सगळं गाडीत बंद. माणसाचं अन्न मिळण्याची सवय लागलेल्या अस्वलाला बहुतेक वेळा मारावं लागतं, आणि तो दोष आपल्या कढईचा असतो. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, बायसन आणि एल्कपासून २५ यार्ड अंतर ठेवा. नदीवर जाताना बेअर स्प्रे पट्ट्याला लावा, बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

डोंगराची मर्जी

१७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री हेब्गेन लेकच्या परिसरात ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. मॅडिसनच्या घळीत डोंगराची एक बाजू कोसळली, काठावर मुक्कामाला असलेली माणसं गाडली गेली आणि त्या ढिगाऱ्याने नदी अडून क्वेक लेक तयार झालं. एकूण २८ जण दगावले. त्यांतले बहुतेक आपल्यासारखेच, सुट्टीला आलेले होते. आजही त्या तळ्यात बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे वर दिसतात. १३ जून २०२२ च्या महापुराने यलोस्टोनच्या उत्तरेकडचा रस्ता वाहून नेला आणि उद्यानाची सगळी प्रवेशद्वारं काही दिवस बंद राहिली. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. या प्रदेशात प्रत्येक आराखड्याला दुसरा आराखडा जोडलेला असावा, एवढंच सांगायचं आहे. एक नदी बंद झाली तर दुसरी कोणती, एक खिंड बंद झाली तर कुठून वळायचं, हे घरीच ठरवा आणि कागदावर छापून घ्या, कारण उद्यानाच्या बऱ्याच भागात फोनला रेंज नसते.

यलोस्टोन लेकवर बोट काढणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. दुपारी वारा उठतो आणि बघता बघता लाटा उंच होतात. पाणी इतकं थंड असतं, की त्यात पडलेला माणूस जेमतेम २०-३० मिनिटं तग धरतो. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे. आणि सकाळी निघालेल्या बोटीने दुपारच्या आत काठाला लागावं.

हे पुस्तक कसं वापरावं

पहिल्या भागात महिन्यांचा तक्ता आहे. आपल्या तारखांसमोर कोणतं पाणी येतं ते बघा आणि त्यातली तीन निवडा, सहा नाहीत. दुसऱ्या भागात त्या पाण्यांची सविस्तर माहिती, मुक्काम आणि रस्ते आहेत. तिसऱ्या भागात गाडी, साहित्य आणि नियम. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या त्या राज्याची आणि उद्यानाची चालू वर्षाची पुस्तिका वाचणं पुस्तक घेतल्याने टळत नाही. शक्य झाल्यास मुलांना सुरुवातीलाच आयलंड पार्कजवळच्या बिग स्प्रिंग्जला न्या. तिथे जमिनीतून रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी वर येतं आणि ते बारा महिने ११ अंशांवरच असतं. मासेमारीला बंदी असल्याने पुलाखाली मोठाले ट्राउट निवांत फिरताना दिसतात. गळ टाकण्यापूर्वी मासा कसा जगतो ते तासभर बघितलं, की पुढचे सगळे नियम मुलांना आपोआप पटतात.

ज्या रेंजरांनी, माशांच्या अभ्यासकांनी आणि गावोगावच्या टॅकल दुकानदारांनी माझ्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली, त्यांचा मी ऋणी आहे. त्यांच्यापैकी कुणीही ‘इथे मासे भरपूर मिळतील’ असं कधी म्हणालं नाही. ‘या आठवड्यात पाणी कसं आहे’ इथूनच ते बोलायला लागत. तीच सवय वाचकांना लागावी म्हणून हे पुस्तक लिहिलं. जानेवारीत नकाशा पसरून बसाल, तेव्हा पहिली खूण गाडीच्या किंवा मुक्कामाच्या जागेवर करू नका, एखाद्या नदीवर करा. ती नदी कधी निवळते, तिच्यात कोण राहतं, तिला कशाचा धोका आहे, एवढं शोधून काढा. ते कळलं की बाकीचा बेत सोपा आहे, आणि त्या नदीवर तुमच्यानंतर येणाऱ्या मुलालाही मासा भेटेल.